खांब मारा, पण कोपर सांभाळा

शाळांच्या तालुका स्पर्धा जवळ आल्या की आमच्या दवाखान्यात गळ्यात हात अडकवलेली मुले येऊ लागतात. काय झाले विचारले, तर उत्तर ठरलेले: "खांब मारत होतो."

२०२५ च्या जानेवारीत दिल्लीला पहिली खो-खो विश्वचषक स्पर्धा झाली. पुरुष व महिला, दोन्ही गटांत भारत जिंकला. प्रतीक वाईकर आणि प्रियांका इंगळे हे दोन्ही कर्णधार महाराष्ट्राचे, त्यामुळे आपल्याकडे कौतुक जास्तच झाले. मुलांनी सामने टीव्हीवर पाहिले आणि तसेच लांब सूर मारायला सुरुवात केली. पण ते सूर मॅटवरचे होते. आपल्या जिल्ह्यातली काळी माती पाऊस सरला की विटेसारखी टणक होते, वरून भेगाही पडतात.

खो-खोत पाठलाग करणाऱ्याला मध्येच मागे फिरता येत नाही, दिशा बदलायची तर खांबापर्यंत जावेच लागते. पळणारा नेमका तिथेच घुटमळतो. म्हणून एका हाताने खांब धरून, वेगात अंग त्याच्याभोवती झोकून, दुसऱ्या हाताने पलीकडचा गडी टिपायचा, याला खांब मारणे म्हणतात. बर्फावरच्या स्लालम शर्यतीतही खेळाडू अशाच खांबांना अंग घासून वळणे घेतात. पण तो खांब बुडाशी लवचिक असतो, धक्का लागताच वाकतो, शिवाय खेळाडूच्या नडगीला, हाताला कवच आणि डोक्यावर हेल्मेट असते. आपला सव्वाशे सेंटिमीटरचा खांब जमिनीत पक्का गाडलेला. तो वाकत नाही, वाकायचे ते मुलाच्या अंगाने.

ते शिकवायला वेळ लागतो, आणि स्पर्धा आठ दिवसांवर आली की तोच वेळ कोणाकडे नसतो. आधी खांबाजवळ उभे राहूनच पकड शिकवावी. गुडघे वाकलेले, कोपर किंचित दुमडलेले, चेहरा खांबापासून वळवलेला, भार पायांवर आणि बगलेखालच्या बाजूवर. हात ताठ ठेवून सगळे वजन त्यावर टाकले, की इजा कोपराला किंवा खांद्याला होणारच. हे जमल्यावर चालत, मग निम्म्या वेगाने, शेवटी पूर्ण वेगाने. समोर गडी पळवायचा तो सर्वांत शेवटी, कारण गडी दिसला की मूल खांब विसरते. डावी-उजवी दोन्ही बाजू सारख्या कराव्यात. सूर शिकवायला लांब उडीचा वाळूचा खड्डा प्रत्येक मोठ्या शाळेत असतो, तो वापरावा. हनुवटी वर ठेवून छाती आणि मांडीवर घसरत पडायचे, पुढे केलेल्या तळहातावर नव्हे. हा सराव अंग गरम झाल्यावर लगेच घ्यावा. दमलेल्या मुलांकडून शेवटी वीस-वीस खांब मारून घेणारे मार्गदर्शक मी पाहिले आहेत. ती शिस्त नव्हे. नवख्यांसाठी खांबाला जुनी सतरंजी गुंडाळली तरी चालते.

वाढत्या वयात हाडांच्या टोकाशी वाढीच्या मऊ पट्ट्या असतात. मोठ्या माणसाचा सांधा मुरगळेल अशा धक्क्याने मुलाची ही पट्टी सरकू शकते. म्हणून कोपर सुजले तर ते ओढू नये, सरळ करू नये, आणि तेल लावून चोळू तर मुळीच नये. चोळल्याने स्नायूत हाड तयार होऊन कोपर कायमचे आखडते. हाड बसवणाऱ्याकडे दोन दिवस घालवून मग आलेली मुले बघताना फार वाईट वाटते. हात आहे त्या स्थितीत, वर्तमानपत्राची जाड घडी आधाराला बांधून, झोळीत घ्यावा. बोटे थंड किंवा निळसर पडली, मुंग्या आल्या, हलवता येईनात, तर रक्तपुरवठा अडला असू शकतो. तासाभराचाही उशीर न करता सेवाग्राम किंवा सावंगीच्या रुग्णालयात न्यावे. वाटेत खायला देऊ नये, भूल द्यावी लागू शकते.

खांब पोटावर आदळला तर मूल बहुधा पाच मिनिटांत उठून पुन्हा खेळू लागते आणि सगळे विसरतात. तरी त्याला त्या दिवशी बसवावे. नंतर पोट दुखत राहिले, डावा खांदा दुखू लागला, चेहरा पांढरा पडला, उलट्या झाल्या किंवा लघवीला लाल झाली, तर आत रक्तस्राव असू शकतो. प्लीहेची दुखापत काही तासांनीच नव्हे, काही दिवसांनीही उघड होते. म्हणून सरांनी त्याच संध्याकाळी आईवडिलांना कळवावे. बरीच मुले घरी काही सांगत नाहीत, खेळ बंद होईल म्हणून.

खरचटलेला गुडघा साबण-पाण्याने धुवावा. दहाव्या आणि सोळाव्या वर्षीचे धनुर्वाताचे इंजेक्शन राहिले असेल, तर ते सरकारी दवाखान्यात मोफत मिळते.