यंत्रयोद्ध्यांच्या अंगावरील धूळ

सुशिक्षित कुटुंबांतील एखादा पंचविशी उलटलेला तरुण, नोकरी सांभाळून, रात्रीचें जेवण आटोपल्यावर टेबलापाशीं बसतो. समोर वीतभर उंचीची प्लास्टिकची एक यंत्राकृति, हातांत चार केसांचा म्हणावा इतका बारीक कुंचला, आणि दृष्टि अशी एकाग्र कीं हांक मारली तरी ऐकूं जाऊं नये! घरांतील वडील माणसांस हें पाहून प्रथम हंसूं येतें, मग थोडी काळजी वाटूं लागते. खेळण्यांचें वय केव्हां संपावयाचें, हा प्रश्न बहुधा आजीच विचारते. आणि खेळणें पुन्हां बंदूक-तरवारीचें, म्हणून आजोबांच्या कपाळावर आणखी एक आठी पडते. या दोन्ही शंका रास्त आहेत. त्यांचें उत्तर मात्र त्या टेबलावर सांपडावयाचें नाहीं. तें सुमारें पंचेचाळीस वर्षांपूर्वींच्या जपानांत शोधावें लागतें.

अवाढव्य यंत्रमानवांच्या कथा जपानी मुलांस त्यापूर्वींही ठाऊक होत्या. मित्सुतेरू योकोयामा या चित्रकथाकाराचा 'तेत्सुजिन २८-गो' १९५६ सालीं अवतरला. तो दुरून, हातांतील नियंत्रकानें चालवावयाचा. १९७२ सालीं गो नागाई यांच्या 'माझिंगर झेड'नें नायकास यंत्राच्या मस्तकांतच नेऊन बसविलें, आणि तेव्हांपासून 'मेका', म्हणजे मनुष्यानें आंत बसून चालवावयाचें यंत्रशरीर, या प्रकाराचा जपानी चित्रमालिकांत सुकाळ झाला. कथेचा सांचा ठरलेला असे. दर आठवड्यास एक नवा राक्षस यावा, नायकानें त्याच्याशीं झुंजावें, शेवटीं राखून ठेवलेलें अस्त्र सोडावें आणि राक्षसाचा निःपात व्हावा. आपल्या असुरवधाच्या आख्यानांहून हा सांचा फारसा निराळा नव्हे. फरक इतकाच कीं, येथें यजमानपद खेळणीं विकणाऱ्या कारखानदाराकडे असे, आणि पडद्यावरील अर्धा तास ही वस्तुतः दुकानांत मांडलेल्या मालाची जाहिरात असे.

अशाच एका कारखानदाराच्या पैशावर ७ एप्रिल १९७९ रोजीं नागोया येथील दूरचित्रवाणी केंद्राची 'मोबाइल सूट गंडम' ही मालिका सुरू झाली. दिग्दर्शक योशियुकी तोमिनो यांचा जन्म १९४१ चा, म्हणजे ऐन युद्धकाळांतला. त्यांनीं कारखानदारास हवा असलेला यंत्रमानव दिला, परंतु राक्षस मात्र दिला नाहीं. या कथेंत मनुष्यजातीचा मोठा भाग अंतराळांत बांधलेल्या वसाहतींत राहतो; त्यांपैकीं 'झिऑन' नांवाची एक वसाहत स्वातंत्र्य पुकारून पृथ्वीशीं युद्ध मांडते; आणि या युद्धांत मनुष्यजातीपैकीं निम्मे लोक मृत्युमुखीं पडले, हें निवेदक आरंभींच शांतपणें सांगून टाकतो. नायक अमुरो रे हा पंधरा वर्षांचा, एकलकोंडा मुलगा. वडिलांच्या देखरेखीखालीं तयार झालेल्या यंत्रांत तो चढतो, तो पराक्रमाच्या हौसेनें नव्हे, जीव वांचविण्यासाठीं. समोर उभीं असतात तीं 'झाकू' नांवाचीं हिरवीं, एकाक्ष यंत्रें; कारखान्यांतून घाऊक निघालेलीं; आणि आंत बसलेलीं माणसें त्याच्याइतकींच सामान्य.

तेराव्या भागांतील एक प्रसंग तर गृहस्थाश्रमी वाचकानें मुद्दाम पाहावा असा आहे. पुष्कळ काळानंतर अमुरो आपल्या आईला भेटतो. निर्वासितांच्या छावणींत शत्रूचे शिपाई तपासास येतात, आई त्याला आजारी म्हणून अंथरुणांत लपविते, आणि पांघरुणाखालून तो शिपायावर गोळी झाडतो. मुलगा वांचला म्हणून आई आनंदित होत नाहीं. आपलें मूल इतकें कठोर कसें झालें, या विचारानेंच ती हबकते. भेट ताटातुटींत संपते. मुलांचीं खेळणीं खपविण्यासाठीं काढलेल्या मालिकेंत हें दृश्य!

पुढें जें व्हावयाचें तेंच झालें. प्रेक्षक पुरेसे मिळेनात. ५२ भागांची योजना ४३ भागांवर आटोपली आणि २६ जानेवारी १९८० रोजीं मालिका बंद पडली. परंतु ज्या थोड्या लोकांस ती मनापासून रुचली होती, ते लहान मुलांपैकीं नव्हते. माध्यमिक शाळांतील आणि कॉलेजांतील विद्यार्थी, विशेषतः पुष्कळ तरुण मुली, यांनीं मंडळें स्थापून, हस्तलिखितें काढून, 'ॲनिमेक' आणि 'आउट' यांसारख्या मासिकांना पत्रें लिहून ही कथा जिवंत ठेविली. १९८१ च्या २२ फेब्रुवारीस तोक्योच्या शिंजुकू भागांत या मंडळींचा प्रचंड मेळावा भरला. त्याच वर्षीं आणि १९८२ त मालिकेवरून केलेले तीन चित्रपट निघाले आणि तुडुंब चालले. मधल्या काळांत, म्हणजे जुलै १९८० त, बांदाई या कंपनीनें गंडमचा जुळवून रंगवावयाचा पहिला प्लास्टिकचा संच ३०० येनांस विक्रीस आणला. कंपनीचा अंदाज काय असेल तो असो. संच दुकानांत येतांच नाहींसे होऊं लागले. १९८२ च्या जानेवारींत चिबा प्रांतांतील एका मोठ्या दुकानांत या संचांसाठीं धांवलेलीं मुलें सरकत्या जिन्यावर एकमेकांवर कोसळून जखमी झालीं. छंदाच्या कौतुकांत त्या दिवसाची आठवण सहसा निघत नाहीं.

मालिका संपली तेथूनच खरी चर्चा सुरू झाली. ज्या युगांत अंतराळांत शहरें वसतात, त्या युगांत दोन यंत्रें समोरासमोर येऊन तरवारीनें कां लढतात? मालिकेनें उत्तर दिलें होतें कीं, 'मिनोव्स्की कण' नांवाचे काल्पनिक कण पसरले म्हणजे रडार आणि बिनतारी संदेश निरुपयोगी होतात, आणि शत्रु डोळ्यांनींच पाहावा लागतो. ठीक, पण मग हातपाय कशाला? यावर १९८१ सालीं 'आउट' मासिकानें काढलेल्या 'गंडम सेंच्युरी' या विशेषांकांत एक युक्तिवाद आला: निर्वात पोकळींत हातपाय झटकून शरीराचें तोंड फिरवितां येतें, इंधन खर्चावें लागत नाहीं. उंचावरून पडणारें मांजर हवेंतच वळून पायांवर उतरतें, त्यांतलाच हा न्याय. पडद्यावर कधींच न सांगितलेली ही उपपत्ति पुढें कथेच्या अधिकृत शास्त्रांत जाऊन बसली. शार अझ्नाबल या शत्रुवीराचा तांबडा झाकू इतरांच्या तिप्पट वेगानें येतो, या एका वाक्याचा अर्थ लावण्यांत तर शाईच्या दौतीच्या दौती रिकाम्या झाल्या आहेत: वेग यंत्राचा, कीं चालकाच्या कौशल्याचा? भारतांतील अक्षौहिणींचे हिशेब करीत बसणाऱ्या आपल्या जुन्या शास्त्रीमंडळींस ही चर्चा परकी वाटली नसती.

या वादांचा कुंचल्याशीं संबंध काय, असें कोणी विचारील. संबंध असा कीं, वादांत जें ठरतें तें प्लास्टिकवर उतरवावें लागतें. हौशी कारागिरांनीं पडद्यावर न दिसलेलीं यंत्रें कल्पून तीं घडविलीं, मासिकांत त्यांचीं छायाचित्रें आलीं, आणि १९८३ पासून बांदाईनें असल्या केवळ कल्पित प्रकारांचेच संच काढले. वाचकानें मूळ ग्रंथांत भर घालावी आणि प्रकाशकानें ती छापावी, असाच हा प्रकार झाला. मूळ मालिकेस पैसा पुरविणाऱ्या क्लोव्हर कंपनीचें मात्र त्याच १९८३ सालीं दिवाळें वाजलें.

येथें 'माप' म्हणजे काय, हें सांगणें अवश्य आहे. कारण खेळणें आणि प्रतिकृति यांतील भेद मापानेंच पडतो. आपलीं मुलें दिवाळींत किल्ला करतात, त्यांत महाराज बुरुजाहून उंच असतात आणि कोणत्याही मावळ्यास वेशींतून आंत जातां येत नाहीं. त्यांत कांहीं बिघडत नाहीं. तेथें उंची मानाची असते. गंडमची कथेंतील उंची १८ मीटर. १/१४४ मापाचा संच साडेबारा सेंटिमीटरांचा, १/१०० चा अठरा, १/६० चा तीस. एकदां हें माप मानलें कीं डोळ्यास त्याचा जांच सुरू होतो. १/१४४ मापांत एक मिलिमीटरचा ओरखडा म्हणजे प्रत्यक्षांत चौदा सेंटिमीटरांहून मोठी खोंच! मोठी वस्तु दुरून फिकट दिसते, म्हणून मूळ रंगांतही थोडा पांढरा मिसळावा लागतो. आणि पांढऱ्या पत्र्याच्या सांध्यांत काळी रेघ भरली तर सांधा हातभर रुंद वाटतो, म्हणून तेथें राखी रेघ भरावी लागते. पूर्ण उंचीचा गंडम कसा दिसेल, हें २००९ सालीं तोक्योच्या ओदाइबा भागांत लोकांनीं प्रत्यक्ष पाहिलें. पुढें योकोहामाच्या बंदरावर डिसेंबर २०२० पासून मार्च २०२४ पर्यंत हातपाय हलविणाराही एक उभा होता.

हे संच शिझुओका शहरांत तयार होतात. फुजी पर्वताच्या प्रांतांतील हें शहर पूर्वीं लाकूडकामासाठीं प्रसिद्ध. तेथील सेंगेन देवस्थानाच्या बांधकामास जमलेले सुतार आणि लाखकाम करणारे तेथेंच स्थायिक झाले असें सांगतात. लाकडी प्रतिकृतींचा धंदा त्यांतून उभा राहिला. जगप्रसिद्ध तामिया कंपनीही मूळची लाकडाच्या वखारीची. प्लास्टिककडे ती १९६० सालीं वळली.

आतां टेबलाकडे वळूं. संच उघडला कीं प्लास्टिकच्या चौकटींत कैरीच्या देंठासारखे चिकटलेले शेंकडों भाग हातीं येतात. धारदार पकडीनें देंठ एकदम भागाला लागून तोडावयाचा नाहीं. थोडा राखून तोडावा आणि उरलेला मागाहून कापावा, नाहीं तर तेथें पांढरा व्रण उमटतो. मग पॉलिशपेपरानें घांसणें, प्रथम जाडा, मग बारीक. हल्लींचे संच गोंदाशिवाय जुळतात आणि त्यांचे भाग निरनिराळ्या रंगांच्या प्लास्टिकचेच असतात, त्यामुळें रंग न देतांही काम भागतें. पण ज्याला गोडी लागली तो भागवून घेत नाहीं. राखी अस्तर दिल्यावर पूर्वीं न दिसलेला प्रत्येक ओरखडा वर येतो आणि घांसणें पुन्हां आरंभापासून! त्यावर लॅकरचा रंग, तोही पातळ फवाऱ्यानें, तीनचार हातांत. लॅकर वाळला कीं सांध्यांत इनॅमलचा पातळ रंग सोडावयाचा. इनॅमलचें थिनर खालच्या लॅकरला विरघळवीत नाहीं, म्हणून बाहेर पसरलेलें तेवढें पुसून घेतां येतें. (खिडकी उघडी ठेवून हें काम करावें. थिनरचा वास बंद खोलींत कोंडणें हें धाडस नव्हे, मूर्खपणा आहे.)

इतकें झालें म्हणजे नवें कोरें, तकतकीत यंत्र तयार होतें. आणि येथूनच खरी कला सुरू होते, ती म्हणजे तें जुनें करण्याची. कुंचल्यावरचा रंग कागदावर जवळजवळ संपवून तो कोरड्या हातानें कडांवरून फिरविला कीं कडा झिजल्यासारख्या दिसतात. स्पंजाच्या तुकड्यानें टिपलेले ठिपके म्हणजे उडालेला रंग. खडूची काळी भुकटी बंदुकीच्या तोंडाशीं चोळली कीं काजळी. पायाला घोट्यापर्यंत चिखल. पण थांबा: हें यंत्र लढलें कोठें? अंतराळांत पाऊस नाहीं, तर अंगावर ओघळ कोठून आले? निर्वातांत गंज चढेल काय? वाळवंटांतील झाकूच्या गुडघ्यांत वाळू हवी, चिखल नको. मासिकांतला वाद असा शेवटीं कुंचल्याच्या टोंकावर येऊन निकालास लागतो. चार मित्र एकत्र जमले म्हणजे एका ओघळावर घटकाभर बोलणें चालतें. आणि तें बोलणें, मला वाटतें, व्यर्थ नसतें. धूळ कोठें बसेल हें ठरवितांना यंत्र कोठें गेलें, काय करून आलें, याचा विचार करावाच लागतो. चकचकीत शस्त्र हें मिरवावयाचें असतें. मळलेल्या शस्त्राविषयीं तें वापरलें कोणावर, हा प्रश्न तरी उद्भवतो. आजोबांच्या आठीचें माझ्यापाशीं असलेलें उत्तर इतकेंच.

तें पुरेसें मात्र नाहीं. कारण या छंदाचें लक्ष यंत्राच्या जखमांवर जितकें असतें तितकें माणसाच्या जखमांवर नसतें. पुष्कळशा १/१०० मापाच्या संचांत चालकाची एक चिमुकली मूर्ति दिलेली असते, जेमतेम दीडपावणेदोन सेंटिमीटरांची. चिलखताच्या एकेका पत्र्यावर रात्री घालविणारे लोक या मूर्तीला बहुधा रंगच देत नाहींत. ती कच्च्या प्लास्टिकचीच आंत बसविली जाते आणि वरून छातीचें दार लावून घेतलें जातें. तेराव्या भागांतील आई ज्याला ओळखूं शकली नाहीं, तो मुलगा हाच.

कथेच्या शेवटच्या लढाईंत गंडमचें मस्तक उडतें, डावा हात तुटतो. अमुरो आधींच बाहेर पडलेला असतो, आणि तें रिकामें, शिरहीन यंत्र आपोआप उजवा हात उंचावून वर अखेरची गोळी झाडतें. चित्रपटाच्या जाहिरातींवर झळकलेली ही आकृति आजही कारागिरांची सर्वांत आवडती आहे. ती करण्यासाठीं बाजारांत तयार संचही मिळतो. पण जुने जाणते लोक तो घेत नाहींत. ते साधा संच आणून तो पूर्ण जुळवितात, घांसतात, मस्तकाचे डोळेसुद्धां रंगवितात, आणि मग बारीक करवत घेऊन मान कापतात. कापलेल्या जागेंत तारा आणि फाटके पत्रे दिसावे लागतात, म्हणून तांब्याच्या तारेचे तुकडे आंत रोंवून त्यांचीं टोंकें काजळीनें काळीं करतात. रंगविलेलें मस्तक बहुतेक जण टाकून देत नाहींत. डबीत घालून ठेवतात.