देखण्या वळूच्या रक्तात दडलेला दोष

२००८ साली अमेरिकेत अँगस या मांसासाठी पाळल्या जाणाऱ्या गाईंच्या कळपांतून एकाच प्रकारच्या तक्रारी येऊ लागल्या. वासरे मेलेलीच जन्मत होती. अंग खुरटलेले, मणका वाकडा, पायांचे सांधे आखडलेले. आई मात्र धडधाकट आणि बाप नामांकित. या विकाराचे नाव आर्थ्रोग्रायपोसिस मल्टिप्लेक्स; पशुपालकांच्या बोलीत ‘कर्ली काफ’.

वंशावळी उलगडल्या तेव्हा आई आणि बाप, दोन्हींकडचे धागे प्रिसिजन १६८० या एकाच वळूशी जाऊन मिळाले. त्याच्या संततीच्या मांसाचा दर्जा उत्तम, म्हणून त्याच्या रेतमात्रांना प्रचंड मागणी होती. दोष त्याला आईच्या बापाकडून आला होता. इलिनॉय विद्यापीठातील जोनाथन बीव्हर यांनी त्याचे मूळ शोधले: डीएनएतील सुमारे २३ हजार अक्षरांचा एक तुकडाच गायब होता.

असा दोष पिढ्यान्‌पिढ्या लपतो, कारण जनुकाची एक प्रत शाबूत असली की जनावर निरोगी राहते. नर आणि मादी दोघेही वाहक असतील, तरच प्रत्येक वेताला वासरू दगावण्याची शक्यता चारात एक असते. कृत्रिम रेतनाने एका वळूची संतती हजारोंनी वाढते आणि पुढे त्याचीच नातवंडे एकमेकांच्या जोडीला येतात.

१९५०च्या दशकात हेरेफोर्ड गाईंमध्ये खुजेपणाचा दोष पसरला, तेव्हा डीएनए चाचणी नव्हती. संशयावरून अख्खी घराणी बाद झाली. त्यांत निर्दोष जनावरेही गेली. अँगसच्या वेळी रक्ताच्या नमुन्यावरून वाहक ओळखता आला. वाहक गाय निर्दोष वळूकडून भरवली, तर या विकाराने एकही वासरू मरत नाही. सरासरी निम्मी वासरे पूर्ण निर्दोष निघतात. ती चाचणीने निवडली की चांगले गुण राखून दोष वगळता येतो.

हा प्रश्न आपल्या गोठ्यापासून दूर नाही. होल्स्टीन जातीत ‘ब्लॅड’ नावाचा असाच दोष आहे. त्यात पांढऱ्या पेशी संसर्गाच्या जागी पोहोचू शकत नाहीत आणि वासरे लहानपणीच दगावतात. म्हणूनच भारतात रेतन केंद्रांवरील होल्स्टीन व संकरित वळूंची त्यासाठी चाचणी होते. पण पुढची खबरदारी गोठ्यातच घ्यावी लागते. रेतनाच्या कांडीवर वळूचा क्रमांक छापलेला असतो. गाय भरवली की तो नोंदवहीत उतरवून घ्या. त्याच वळूची कांडी त्याच्या लेकीला वापरू नका आणि व्यंग असलेले वासरू जन्मले तर गुपचूप पुरू नका, पशुवैद्यकाला दाखवा. अँगसमधला दोष पकडला गेला तो पशुपालकांनी अशी वासरे पुढे आणली म्हणूनच.