‘होता’ आणि इंग्रजी अपूर्ण भूतकाळ

दादोबा पांडुरंगांनी १८३६ साली मराठी व्याकरण इंग्रजी धर्तीवर मांडले. ‘होता’ म्हणजे ‘वॉज’ हे शालेय समीकरण त्याच परंपरेचे अपत्य असावे. पदव्युत्तर लेखनातही ते सुटत नाही. दौंड तालुक्यातील राहू गावच्या गुऱ्हाळाचे उदाहरण घेऊ. ‘काहिलीत रस उकळत होता, इतक्यात पाऊस आला’ येथे ‘वॉज बॉइलिंग’ बिनचूक बसते. परंतु ‘गुळव्या त्याला ओळखत होता’ याला ‘वॉज नोइंग’ चालत नाही. ओळखणे ही इंग्रजीच्या लेखी स्थिती होय, म्हणून ‘न्यू’.

याच्या उलट प्रकार अधिक उद्‌बोधक आहे, आणि पाठ्यपुस्तके नेमकी तेथेच मौन पाळतात. ‘शेतकरी चुलवणापाशी बसला होता’ यातील रूप पूर्ण भूतकाळाचे, अर्थ मात्र टिकून असलेल्या अवस्थेचा. विद्यार्थी रूपाकडे पाहून ‘हॅड सॅट’ लिहितो. हवे असते ‘वॉज सिटिंग’. निजला होता, भिंतीला टेकला होता, यांची गत हीच. ‘तो दररोज राहूस जात होता’ हे वाक्य तर रीतिवाचक. तेथे सामान्यतः ‘यूज्ड टु गो’ योजावे.