जत ते जत : सोयऱ्यांच्या वाटेने तीन दिवस

कार्तिकी पौर्णिमेला चातुर्मास संपतो, मुनिसंघांचा विहार पुन्हा सुरू होतो आणि दुकानांतील दिवाळीची गर्दीही ओसरलेली असते. जतच्या बाजारपेठेतील जैन व्यापारी घरांत याच सुमारास एक विषय हमखास निघतो : यंदा पाहुण्यांकडे केव्हा जायचे? पूर्वी हा प्रवास एस.टी.ने, टप्प्याटप्प्याने आणि आठ-दहा दिवसांचा असे. आता घरची मोटार असते, तीन दिवसांत फेरी पूर्ण होते. गावे मात्र तीच राहिली आहेत. जतहून अथणी, शेडबाळ, सदलगा, भोज, स्तवनिधी, कुंभोज, जयसिंगपूर, सांगली आणि पुन्हा जत, अशी ही वाट महाराष्ट्रातून कर्नाटकात जाते व परत येते. वाटेतल्या जवळजवळ प्रत्येक गावात कुणाची आत्या, कुणाची मावशी, कुणाचे व्याही असतातच.

निघण्याची तयारी आदल्या रात्रीच होते. डिकीत डाळिंबांची पेटी, बेदाण्याच्या पिशव्या, शेंगदाण्याची चटणी आणि ज्वारीच्या कडक भाकरी जातात. गाळलेल्या पाण्याच्या बाटल्या वेगळ्या ठेवल्या जातात. आजी पुढच्या आसनावर बसते, कारण वाटेवरची घरे तिलाच ठाऊक असतात. वेळापत्रकही तिच्याच हाती असते. सूर्यास्तापूर्वी जेवायचे असल्याने संध्याकाळी कोणत्या घरी पोहोचायचे हे आधी ठरते आणि बाकीचा दिवस त्यानुसार बसवला जातो. वाटेत अष्टमी किंवा चतुर्दशी येत असेल, तर हिरवी भाजी नको हे यजमानांना सांगावे लागत नाही. त्यांच्या घरीही तोच नेम असतो.

जतहून दक्षिणेला निघाले की माळरान सुरू होते. अथणीच्या अलीकडे राज्याची हद्द ओलांडली जाते; फलकांवरची लिपी बदलते, जमीन आणि पिके मात्र तशीच राहतात. डफळे घराण्याचे जत संस्थान १९४८ साली मुंबई प्रांतात विलीन झाले. बेळगाव जिल्ह्यातील अथणी आधीपासूनच त्या प्रांतात होती. त्यामुळे पुढची आठ वर्षे दोन्ही गावे एकाच राज्यात नांदली. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यपुनर्रचना झाली आणि अथणी तत्कालीन म्हैसूर राज्यात गेली. तोवर झालेल्या सोयरिकी काही विभागल्या गेल्या नाहीत. जतची मुलगी अथणीला आणि अथणीची मुलगी जतला हा व्यवहार पुढेही चालू राहिला. त्याच्याच जोडीने धान्य, कापड आणि भुसार मालाची उधारीही चालली. सोयऱ्याच्या शब्दावर माल सुटत असे आणि सोयऱ्याची पत सांभाळणे ही घराची अब्रू समजली जाई.

अथणी चामड्याच्या चपलांसाठी दूरवर प्रसिद्ध आहे. जैन घरातील पाहुणे त्या दुकानांपाशी थांबत नाहीत; ते थेट आत्याच्या दारात उतरतात. 'जय जिनेंद्र' म्हणून पाया पडणे होते, पाणी येते आणि आजी व तिची नणंद कन्नडमध्ये बोलू लागतात. मध्येच मराठी येते, पुन्हा कन्नड. दोघींनाही हे जाणवत नाही. या पट्ट्यातील असंख्य जैन घरांत दोन्ही भाषा अशाच नांदत आल्या आहेत.

खरा प्रश्न दिसतो तो नातवंडांच्या खोलीत. जतची मुले मराठी किंवा इंग्रजी शाळेत शिकतात, अथणीची कन्नड किंवा इंग्रजी शाळेत. सख्ख्या आत्तेमामे भावंडांची नातवंडे एकमेकांशी इंग्रजीत बोलतात, तेही जपून, पाहुण्यांशी बोलावे तसे. आजीला त्यांचे बोलणे कळत नाही आणि आजीचा निम्मा विनोद त्यांना कळत नाही. १९५६ च्या रेषेने जे साधले नाही, ते शाळेच्या माध्यमाने साठ-सत्तर वर्षांत हळूहळू घडवून आणले आहे.

शेडबाळ हे आचार्य विद्यानंदजी महाराजांचे जन्मगाव. त्यांचा जन्म २२ एप्रिल १९२५ चा. तेथे दर्शन घेऊन उगार-कुडचीकडे वळले की कृष्णा दिसते आणि जतच्या माणसाचे बोलणे आपोआप थांबते. दोन्ही बाजूंना ऊस उभा असतो. दुष्काळात टँकरची वाट पाहिलेल्या डोळ्यांना ते हिरवेपण निमूट पाहावेसे वाटते. नोव्हेंबर २०२२ मध्ये कर्नाटकाच्या तत्कालीन मुख्यमंत्र्यांनी जत तालुक्यातील चाळीस गावांवर हक्क सांगितला, तेव्हा देशभर चर्चा झाली. त्या वादाच्या मुळाशी भाषेइतकेच, किंबहुना अधिक, पाणी होते, हे या वाटेने एकदा गेलेल्यास समजावून सांगावे लागत नाही.

दूधगंगेच्या काठचे सदलगा हे लहान गाव, परंतु त्याने दोन थोर पुरुष दिले. प्राकृत विद्येचे पंडित डॉ. आदिनाथ नेमिनाथ उपाध्ये यांचा जन्म येथे १९०६ साली झाला. कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयात अध्यापन करीत त्यांनी आचार्य कुंदकुंदांच्या 'प्रवचनसारा'ची चिकित्सक आवृत्ती १९३५ साली सिद्ध केली. त्यापूर्वी अर्धशतक, १८८४ साली, जर्मन पंडित हर्मान याकोबी यांनी 'आचारांग' आणि 'कल्पसूत्र' इंग्रजीत आणून युरोपला जैन आगमांचा परिचय करून दिला होता. त्याच अभ्यासपरंपरेत सदलग्याच्या या सुपुत्राने आपले स्थान स्वकष्टाने मिळविले. पुढे १० ऑक्टोबर १९४६ रोजी याच गावात आचार्य विद्यासागरजी महाराजांचा जन्म झाला.

तेथून भोज जवळ. आचार्य शांतिसागर महाराजांचे हे गाव. १९२४ साली सांगलीजवळच्या समडोळी येथे त्यांना आचार्यपद प्राप्त झाले आणि १९५५ साली कुंथलगिरीवर त्यांनी सल्लेखना घेतली. विसाव्या शतकात दिगंबर मुनिपरंपरा पुन्हा देशभर दिसू लागली, तिचा उगम या ऊस-तंबाखूच्या मुलखात आहे, हे नातवंडांना पुस्तकापेक्षा गाव पाहूनच अधिक उमगते.

निपाणीजवळील स्तवनिधी क्षेत्री १८९९ साली दक्षिण भारत जैन सभेची स्थापना झाली. शिक्षणाचे महत्त्व समाजाला पटवून देण्यात या सभेचा मोठा वाटा आहे. कुंभोजच्या बाहुबली टेकडीवर १९६३ साली उभारलेली २८ फूट उंचीची संगमरवरी बाहुबलींची मूर्ती दुरूनच दिसते. कर्मवीर भाऊराव पाटील यांचा जन्म १८८७ साली याच कुंभोजात झाला. मुले टेकडीच्या पायऱ्या धावत चढतात. आजी खालीच बसून हात जोडते आणि मागच्या वेळी आपण वरपर्यंत गेलो होतो, एवढेच म्हणते.

जयसिंगपूर ही राजर्षी शाहू महाराजांनी आपल्या जनकपित्याच्या नावाने वसविलेली बाजारपेठ, आणि सांगली हळदीची. दोन्हीकडे व्यापारी नातलग आहेत. येथे गप्पांचा रोख बदलतो. भावांतील वाटणीचा अडलेला प्रश्न, कुणाच्या मुलीसाठी आलेले स्थळ, कुणाची थकलेली बाकी, अशा गोष्टी फोनवर निघत नाहीत. जेवण आटोपल्यावर, पानदान पुढे ओढता ओढता त्या निघतात आणि पुष्कळदा तिथेच मिटतात. निधनाचा निरोप आता मोबाईलवर येतो आणि श्रद्धांजलीही तिथेच वाहिली जाते. परंतु वर्षभरात न जमलेली सांत्वनाची भेट या फेरीत उरकावी लागते. ज्याच्या घरी दुःख झाले, त्याच्या ओट्यावर घटकाभर बसल्याखेरीज ते पूर्ण होत नाही, असे जुनी माणसे मानतात.

परतीची वाट मिरज, कवठेमहांकाळ करीत जतकडे येते. म्हैसाळ योजनेने कृष्णेचे पाणी या चढाने वर आणले आहे. वाटेत कालवा दिसला की गाडीचा वेग कमी होतो. मागच्या आसनावर पुणे-बंगळूरला शिकणारी मुले असतात. त्यांपैकी काहींनी परदेशातील शहरे पाहिलेली असतात, सदलगा मात्र प्रथमच पाहिलेले असते.

आजीच्या वहीत प्रत्येक घराचे नाव, नाते आणि कोणी काय दिले याची नोंद आहे. पुढच्या वेळी तितकेच, किंवा थोडे अधिक, परत द्यायचे असते. काही नावांपुढे बारीक रेघ ओढलेली दिसते. ती माणसे आता नाहीत. यंदा घरी पोहोचल्यावर थोरली नात ती वही मागून घेते, मोबाईल काढते आणि अथणीच्या मावसबहिणीला पहिल्यांदाच कन्नडमध्ये विचारते, "ऊट आयता?" शब्द आजीने सांगितलेले असतात. उत्तर मराठीत येते : "हो, झालं. तुमचं?"