उपवास आणि हृदयाचे आरोग्य



लातूर-नांदेडकडून आलेला पाहुणा हल्ली दुधासाखरेचा चहा नाकारतो. लातूरचे डॉ. जगन्नाथ दीक्षित यांनी कै. डॉ. श्रीकांत जिचकार यांच्या विचारांवरून प्रसारात आणलेला नियम तो पाळत असतो : दिवसातून दोनदाच जेवायचे, प्रत्येक जेवण ५५ मिनिटांच्या आत. अशा उपवासाने हृदयाला व रक्तवाहिन्यांना खरोखर लाभ होतो का, ते पाहू या.

लाभ कशाने होतो?

ठिबकच्या नळीत क्षार साचला की पाणी अडते. रक्तवाहिनीच्या आतल्या अस्तरात चरबी साचली की रक्ताची वाट अशीच अरुंद होते. बराच वेळ पोटात काही गेले नाही, म्हणजे शरीर साठवलेली चरबी वापरू लागते. पोटाचा घेर उतरला, तर रक्तदाब व रक्तातील चरबीही बहुधा उतरते.

परंतु हा गुण घड्याळाचा की कमी खाण्याचा? चीनमधील ग्वांगझो येथे १३९ लठ्ठ स्त्री-पुरुषांवर वर्षभर प्रयोग झाला. त्याचा निष्कर्ष २०२२ साली प्रसिद्ध झाला. दोन्ही गटांनी आहार सारखाच कमी केला. एका गटाने तो सकाळी ८ ते दुपारी ४ एवढ्याच वेळात घेतला. वजन दोन्ही गटांचे उतरले, पण दोहोंत म्हणण्यासारखा फरक पडला नाही. २०२४ साली अमेरिकेत सुमारे २०,००० लोकांची माहिती तपासली, तेव्हा आठ तासांहून कमी वेळात सारे खाणे उरकणाऱ्यांत हृदयविकाराने होणारे मृत्यू अधिक आढळले. उपवासानेच ते घडले, असे यावरून सिद्ध होत नाही. तरीही सावध राहणे बरे.

सारांश, लाभ मुख्यतः कमी व साधे खाण्याचा आहे. दिवसभर उपाशी राहून रात्री तळलेले पदार्थ व मटणाचा रस्सा भरपेट खाल्ला, किंवा उपवासाला तूप-शेंगदाण्यांची साबुदाणा खिचडी खाल्ली, तर हृदयाचे काहीच भले होत नाही.

एवढे लक्षात ठेवा

१. मधुमेहाची गोळी किंवा इन्सुलिन घेणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय जेवण चुकवू नये. साखर एकदम उतरून घाम, थरकाप व बेशुद्धी येते. शेतात एकटे असताना हे जिवावर बेतते.

२. रक्तदाबाच्या व हृदयाच्या गोळ्या आपल्या मनाने बंद करू नयेत.

३. गरोदर व अंगावर पाजणाऱ्या स्त्रियांनी, मुलांनी व अशक्त वृद्धांनी असे उपवास करू नयेत.

४. उन्हात काम करताना उपवास असला तरी पाणी पीत राहावे.

५. रात्रीचे जेवण लवकर व हलके घ्यावे. ज्वारीची भाकरी, डाळ, पालेभाजी पुरेशी आहे. मीठ, लोणचे, पापड बेताने. तंबाखू व विडी सोडल्याशिवाय रक्तवाहिन्या निरोगी राहणार नाहीत.

६. छातीत कळ येऊन ती डाव्या हातात वा जबड्यात गेली, दम लागला, तर 'उपवासाचा गॅस आहे' म्हणून थांबू नका. ताबडतोब १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवा.

राखेचा बुधवार व शुभ शुक्रवारच्या उपवासाचा नियमही १८ ते ५९ वर्षांच्या निरोगी माणसांसाठी आहे; आजाऱ्यांना त्यातून सूट आहे. ती घेण्यात कमीपणा मानू नका. औषध चालू असेल त्याने ते वेळेवर घ्यावे व वेळेवर जेवावे.