खेळातील पिशाच्चाची घडण

टेबलाभोवती पाचसहा मंडळी बसली आहेत. एकजण कथा सांगतो. बाकीचे कथेतील एकेक पात्र होऊन आपण काय करणार ते बोलून दाखवितात. बेत साधला की फसला, याचा निवाडा फासे करतात. अमेरिकेत १९७४ साली गॅरी गायगॅक्स व डेव्ह आर्नेसन यांच्या नावे प्रसिद्ध झालेल्या ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ या खेळाचे स्वरूप थोडक्यात असे आहे.

अशा खेळात राक्षसांना तोटा नाही. परंतु मेल्यावरही वावरणारे पिशाच्च घडविणे हे काम जरा निराळे आहे. आपण घरात, चहाचा पेला जवळ ठेवून सुखरूप बसलो आहोत, हे खेळणाऱ्यास पक्के ठाऊक असते. त्यास भय वाटावे कसे? आरंभीच्या रचनाकारांनी यावर कठोर उपाय योजिला. या खेळात पात्र अनुभवाच्या बळावर पायरी पायरीने वर चढते आणि वरच्या एकेका पायरीसाठी कित्येक बैठकी खर्ची पडतात. व्हँपायर या रक्तपिपासू पिशाच्चाचा एक तडाखा बसला, की अशा दोन पायऱ्या नाहीशा होत. पात्राची जखम भरून येई. खेळणाऱ्याचे महिनोन्‌महिन्यांचे श्रम मात्र गेले! पुढे हे नियम सौम्य झाले. २०१४ च्या आवृत्तीत व्हँपायरच्या दंशाने घटलेली शक्ती रात्रभराच्या विश्रांतीने परत येते. सोय झाली खरी, पण दरारा ओसरला असे आम्हांस वाटते.

मात्र केवळ आकड्यांनी पिशाच्च उभे राहत नाही. ट्रेसी हिकमन यांना एका खेळात, भुयारातील खोलीत, असाच एक व्हँपायर भेटला. हा येथे का आला? यास हवे तरी काय? कशाचाच उलगडा होईना. तेव्हा त्यांनी व त्यांच्या पत्नी लॉरा यांनी स्वतःच एक व्हँपायर रचावयास घेतला. १९८३ साली ते कथानक ‘रेव्हनलॉफ्ट’ या नावाने प्रसिद्ध झाले.

त्यातील उमराव स्ट्राड याचे तारुण्य युद्धात सरले. पुढे धाकटा भाऊ सर्गे याच्या वाग्दत्त वधूवर, तात्यानावर, त्याचे मन जडले. त्याने मृत्यूशी करार केला आणि लग्नाच्याच दिवशी भावाचा वध केला. तात्यानाने गडावरून खाली उडी घेतली. आता त्यास मरण नाही आणि हवे ते लाभतही नाही. तिच्याच रूपाची एक तरुणी गडाखालच्या गावी त्यास दिसते, आणि तेथून सारे सूत्र हलू लागते. हा उमराव शवपेटीत पडून वाट पाहत नाही. तो स्वतः पात्रांच्या मागावर निघतो. शिवाय त्याचा या खेपेचा हेतू काय आणि त्यास मारावयास उपयोगी पडणारी तलवार कोठे दडली आहे, हे पत्ते ओढून ठरते. त्यामुळे पूर्वी खेळलेलाही निर्धास्त राहू शकत नाही.

आपला वेताळही प्रेतातच राहतो. रिचर्ड बर्टन याने १८७० साली वेताळकथा इंग्रजीत आणताना त्यास व्हँपायरच म्हटले. पण वेताळ रक्त मागत नाही, कोडे घालतो. उत्तर ठाऊक असून राजा गप्प राहिला तर त्याच्या मस्तकाची शकले होणार. बोलला तर सारा खटाटोप पुन्हा पहिल्यापासून. कोणी या खेळासाठी वेताळ रचू लागला, तर त्याचे बळ किती ते मागाहून ठरविता येईल. राजाने तोंड उघडताच तो झाडावर परत जातो, हा नियम आधी लिहावा लागेल.