रिकाम्या आसनापासून मूर्तीपर्यंत

सांची-भरहुतच्या प्राचीन शिल्पांत बुद्ध माणसाच्या रूपात दिसतच नाही. बोधिवृक्ष, पाऊलखुणा, रिकामं आसन. भक्तांनी तेवढ्यावरूनच ओळखायचं. आपल्या भाजे लेण्यातही मूळ पूजा स्तूपाचीच.

कुषाणांच्या काळात गांधार आणि मथुरेत मूर्ती घडू लागल्या. आधी कुठे, हा वाद जुना आहे. गांधारच्या करड्या शिस्ट दगडातल्या बुद्धाचे केस लाटांसारखे, अंगावर जाड वस्त्राच्या खोल चुण्या. ग्रीक-रोमन शिल्पांची छाप उघड दिसते.

मथुरेची घडण अगदी वेगळी. भिक्षू बल याने कुषाण राजा कनिष्काच्या 3 ऱ्या राजवर्षात अर्पण केलेली लाल वालुकाश्माची भव्य मूर्ती सारनाथच्या संग्रहालयात आहे. तिच्यासमोर थांबाच. पाय भक्कम रोवलेले, डावी मूठ कमरेवर, उजवा खांदा उघडा, दोन पावलांमध्ये छोटा सिंह. ही ठेवण जुन्या यक्षमूर्तींची. आणि कोरीव लेखात तिला म्हटलंय ‘बुद्ध’ नव्हे, ‘बोधिसत्त्व’!

त्याच सारनाथला 5 व्या शतकात, गुप्तकाळात, धर्मोपदेश करणारा बुद्ध घडला. पापण्या खाली झुकल्या, अंगावरच्या चुण्या विरून गेल्या. वस्त्र आहे हे कळतं ते गळ्याशी, मनगटांशी आणि घोट्यांखाली उमटलेल्या काठांवरून.